पैसे देणारे मोबाइल गेम: पैसा कोणाच्या खिशातून येतो ते आधी बघा

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: "सर, पत्ते लावायच्या एका गेममध्ये माझ्या नावावर ४,८६० रुपये दिसतात. ५,००० झाले की काढता येतात म्हणे, पण बरेच दिवस आकडा जागचा हलत नाही. रूममेटने टेलिग्रामवरून घेतलेल्या रंग ओळखायच्या गेममधून मात्र त्याच्या खात्यात ३०० रुपये खरोखर आले. आता तो म्हणतो, दोघं मिळून ५,००० भरू. असे गेम विश्वासाचे असतात का?"

मी पुण्यात बरीच वर्षं मोबाइल गेम बनवतोय, आणि जाहिरातींतून गेमला उत्पन्न कसं येतं हेच माझं रोजचं काम आहे. त्यामुळे आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. ते ४,८६० रुपये तुम्हाला मिळणार नाहीत. रूममेटच्या गेममध्ये एक रुपयाही भरू नका. आणि त्याच्या खात्यात आलेले ३०० रुपये ही मला या सगळ्यातली सर्वांत काळजीची गोष्ट वाटते.

"पैसे मिळतात का?" असं सगळेच विचारतात. पण फसवणारं ॲपसुद्धा सुरुवातीला पैसे देतंच, त्यामुळे या प्रश्नाच्या उत्तरावरून काहीच कळत नाही. हा पैसा कोणाच्या खिशातून निघतो, आणि त्याने तो मला का द्यावा, हे विचारायला हवं. पत्ते लावून किंवा फुगे फोडून कुठे पैसा तयार होत नाही. तो एक तर जाहिरातदाराकडून येतो, नाहीतर हरलेल्या दुसऱ्या खेळाडूकडून, नाहीतर तुमच्यासारख्याच कुणीतरी काल भरलेल्या रकमेतून. गेम यातला कोणता आहे हे ओळखता आलं की बाकीचं बरंचसं आपोआप कळतं.

तुमचा पत्त्यांचा गेम जाहिरातींवर चालतो. तुम्ही काही भरत नाही, डावांच्या मध्ये जाहिराती बघता. जाहिरातदार गेमवाल्याला पैसे देतो आणि गेमवाला त्यातला थोडा वाटा तुम्हाला देतो, अशी कल्पना. यात बेकायदा काही नाही, आणि प्रामाणिकपणे चालवलेली अशी ॲप आहेतही. गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स हा गेम नव्हे, पण तत्त्व तेच: छोट्या प्रश्नावलीला उत्तर द्या, अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये वापरता येईल अशी थोडी रक्कम मिळते. ती किती थोडी असते हे ज्याने वापरलंय त्याला माहीत आहे. खरा दर तेवढाच असतो, म्हणूनच मोठा आकडा दाखवणाऱ्या ॲपचा मला संशय येतो.

आता हिशेब बघा. बक्षिसासाठी बघायची तीस सेकंदांची जाहिरात भारतात हजार वेळा दाखवली गेली, की गेमवाल्याच्या हाती माझ्या अनुभवाने साधारण शंभर ते दोनशे रुपये पडतात. गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंत आणि आयपीएलच्या दिवसांत दर चढतो, मग उतरतो. म्हणजे एका जाहिरातीमागे दहा ते वीस पैसे, आणि हे गेमवाल्याला. त्यातून त्याला सर्व्हरचं भाडं द्यायचं असतं, माणसांचे पगार द्यायचे असतात, आणि नवे खेळाडू आणायला स्वतःच्या गेमची जाहिरात करायची असते, जो सर्वांत मोठा खर्च असतो. तरी समजा त्याने मन मोठं करून निम्मे पैसे तुम्हाला दिले आणि दर सर्वांत चांगला मिळाला, तर तुमच्या वाट्याला जाहिरातीमागे दहा पैसे येतात. ४,८६० रुपयांसाठी ४८,६०० जाहिराती लागतील. अर्ध्या मिनिटाची एक धरली तर ४०५ तास, मध्ये एकही डाव न खेळता. तेवढ्या जाहिराती तुम्ही पाहिलेल्या नाहीत. म्हणजे तुमच्या नावावर दिसणाऱ्या रकमेएवढे पैसे तुमच्यामुळे गेमवाल्यालासुद्धा कधी मिळालेले नाहीत. जे त्याच्याकडे आलेच नाहीत ते तो तुम्हाला कुठून देणार?

"घरबसल्या रोज २,००० कमवा" म्हणणाऱ्या जाहिरातीलाही हाच हिशेब लावा. जाहिरातीचा सगळाच्या सगळा पैसा, वीस पैसे दराने, तुम्हाला दिला तरी दिवसाला १०,००० जाहिराती बघाव्या लागतील. त्याला ८३ तास लागतात. दिवस चोवीस तासांचा असतो.

आकडा ४,८६० वर का अडकलाय, तेही सांगतो, कारण हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं. आजच्या कुठल्याही गेममध्ये बक्षिसाचे आकडे ॲपच्या आत कायमचे लिहिलेले नसतात. ते सर्व्हरवरून पाठवले जातात आणि प्रत्येक खेळाडूला वेगळे पाठवता येतात. ही सोय चांगल्या कामासाठीही लागते. नवशिक्याला सोपी पातळी द्यायची असेल तर आम्ही तीच वापरतो. पण तिच्याच जोरावर असं ठरवता येतं: पहिल्या दिवशी दर डावाला पन्नास-शंभर रुपये दाखव, पैसे काढायची अर्धी मर्यादा ओलांडली की पाच-दहावर ये, नव्वद टक्क्यांच्या पुढे रुपयाच्याही खाली, काही पैशांवर ये, आणि शेवटी शून्यावर. एकदा एका ग्राहकाने मी जिथे काम करत होतो तिथे नेमकी हीच उतरंड मागितली होती. "खेळाडू सोडून जाता कामा नये, आणि मर्यादेपर्यंत पोचताही कामा नये," एवढी स्पष्ट मागणी. आम्ही ते काम घेतलं नाही. पण बाजारात असे गेम ज्या संख्येने दिसतात, त्यावरून कुणीतरी घेतंच आहे.

काही गेम तुम्हाला मर्यादा गाठूही देतात. मग पुढचा अडसर येतो: रांगेत तुमचा क्रमांक काही हजारावा आहे, रोज पाच जाहिराती बघितल्या तर पुढे सरकेल. किंवा आणखी तीस दिवस सलग हजेरी लावा. किंवा आणखी दहा मित्र आणा. यातल्या प्रत्येक अटीत तुम्ही जाहिराती बघत राहता, म्हणजे गेमवाल्याचं उत्पन्न चालू राहतं. तुमच्या बाजूने मात्र मोबाइलचा डेटा आणि अभ्यासाचे तास जातात, आणि परीक्षेच्या वर्षात हे तास मी तरी फुकटचे धरणार नाही.

याच जातीत आणखी एक प्रकार आहे, तो थोडा बरा. एखादं ॲप तुम्हाला दुसरा गेम उतरवायला सांगतं आणि सात दिवसांत अमुक पातळी गाठली तर ठरावीक रक्कम देतं. इथे पैसा खरा असतो, कारण त्या दुसऱ्या गेमला नवा खेळाडू हवा असतो आणि तो त्यासाठी मोजायला तयार असतो. पण परदेशातला यूट्यूबर जो आकडा दाखवतो तो त्याच्या देशातला असतो. तिथला खेळाडू पुढे गेममध्ये खरेदी करेल या आशेवर तो दर ठरलेला असतो. आपल्याकडे खरेदी करणारे कमी, म्हणून दरही कमी. शिवाय व्हीपीएन (आपण कुठून इंटरनेट वापरतो ते लपवणारी सोय) लावलं, एकाच फोनवर दोन खाती काढली, किंवा नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेत तुमचं इन्स्टॉल दिसलं नाही, तर मेहनत वाया. महिन्याला मोबाइल रिचार्ज निघाला तर पुष्कळ झालं. मेसचे पैसे त्यातून निघणार नाहीत.

दुसरी जात म्हणजे पैसे भरून खेळायचे गेम: रमी, पोकर, फँटसी क्रिकेट, पैज लावून लुडो. इथे जिंकणाऱ्याला हरणाऱ्याचा पैसा मिळतो आणि मधला कमिशन कापतो. अनेक वर्षं "हा कौशल्याचा खेळ" म्हणून हे चाललं. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, त्याआधी एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस, म्हणजे रक्कम देतानाच कापून घेतला जाणारा कर. कमिशन, जीएसटी आणि टीडीएस जाऊन सामान्य खेळाडू वर्षाअखेर फायद्यात राहणं जवळजवळ अशक्य होतं. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. २१ ऑगस्टला राज्यसभेत मंजुरी, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती. कौशल्य असो वा नशीब, पैसे भरून पैसे जिंकायचा ऑनलाइन गेम चालवायला या कायद्याने बंदी आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ड्रीम इलेव्हन, एमपीएल, झुपी अशा मोठ्या नावांनी त्याच आठवड्यात पैशांचे खेळ थांबवले. कंपन्यांनी कायद्याला न्यायालयात आव्हानही दिलंय.

तुमच्या दृष्टीने त्यातून निघणारी गोष्ट साधी आहे. मोठ्या, नोंदणीकृत, कर भरणाऱ्या कंपन्यांनी जे दुकान बंद केलं तेच आज कुणी टेलिग्रामवर उघडं ठेवून बसलं असेल, तर तो कायदा झुगारूनच बसलाय. तो तुमच्याशी दिलेला शब्द पाळेल असं मानायला काही आधार नाही. आणि एक महत्त्वाचं: या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. "आपणच अडकू" या भीतीने अनेक मुलं तक्रार करत नाहीत, आणि फसवणाऱ्यांना तेच हवं असतं.

समोर खेळतोय तो माणूसच आहे कशावरून, हाही प्रश्न या जातीत कायम राहतो. अमेरिकेत स्किल्झ आणि एव्हियागेम्स या दोन कंपन्यांमध्ये पेटंटवरून खटला झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्युरीने स्किल्झला सुमारे ४.३ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. त्या वादात एव्हियाच्या रोख बक्षिसांच्या गेममध्ये खेळाडूंसमोर माणसांऐवजी बॉट, म्हणजे आपोआप खेळणारे प्रोग्रॅम, बसवले जात होते असे आरोप पुढे आले, आणि खेळाडूंनी वेगळे दावे लावले. न्यायालयं, वकील, हिशेब तपासनीस सगळं असलेल्या बाजारात ही शंका उभी राहते. नाव-पत्ता नसलेल्या ॲपमध्ये तुम्ही ती कोणाकडे नेणार?

विमान उडतं आणि ते नाहीसं होण्याआधी पैसे काढायचे, तो गेमही तुमच्या ओळखीत कुणीतरी खेळत असेलच. मूळ गेम बनवणारी कंपनी सांगते की लावलेल्या पैशांपैकी ९७ टक्के खेळाडूंना परत जातात. ऐकायला छान वाटतं. पण ते दर डावाचं गणित आहे. शंभर रुपयांचा एक डाव धरा, सरासरीने तीन रुपये गेले. तासात शंभर डाव सहज होतात, म्हणजे तासाला ३०० रुपये, आणि हे सगळं प्रामाणिकपणे चाललं तर. नकली आवृत्तीत विमान कधी पाडायचं हे चालवणाराच ठरवतो. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर अशाच एका गेमची शिफारस करतोय असा व्हिडिओ फिरत होता. तो बनावट असल्याचं स्वतः सचिनने जाहीर केलं. चेहरा आणि आवाज दोन्ही यंत्राने तयार केलेले. तेव्हा एखादा ओळखीचा चेहरा जाहिरातीत दिसला म्हणून गेम खरा, हा आधारही आता उरलेला नाही.

आता तुमच्या रूममेटच्या गेमकडे येतो. लाल की हिरवा, तीस सेकंदांत सांगा, बरोबर आलं तर जवळजवळ दुप्पट. यात गेम असा काही नसतोच. एक पान असतं, एक घड्याळ असतं आणि मागे एक माणूस असतो. निकाल आधी ठरवून पैज घेतली जाते, की सगळ्यांच्या पैजा बघून निकाल ठरवला जातो, हे तपासायची तुमच्याकडे कुठलीही सोय नाही. त्याला ३०० रुपये मिळाले ते कालपरवा दुसऱ्या कुणीतरी भरलेल्या पैशातले.

हे कसं चालतं याचं जाहीर उदाहरण आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने, म्हणजे ईडीने, कोलकात्याच्या गार्डन रीच भागात छापा टाकला आणि १७ कोटींहून जास्त रोकड सापडली. नोटा मोजायला यंत्रं आणावी लागली होती. प्रकरण होतं ई-नगेट्स नावाच्या मोबाइल गेमचं. ईडीने तेव्हा पद्धत सांगितली ती अशी: सुरुवातीला लोकांना कमिशन दिलं, पैसे विनासायास काढू दिले. विश्वास बसला तशा लोकांनी मोठ्या रकमा भरल्या. पुरेसा पैसा जमल्यावर एक दिवस पैसे काढणं बंद, कारण काय तर यंत्रणा सुधारतोय, चौकशी चालू आहे. आणि मग लोकांच्या खात्यांची सगळी माहितीच सर्व्हरवरून पुसून टाकली. त्याआधी ऑगस्ट २०२० मध्ये हैदराबाद पोलिसांनी उघड केलेलं प्रकरण तर थेट रंग ओळखायच्या गेमचंच होतं, आणि त्यातली उलाढाल हजार कोटींच्या वर सांगितली गेली.

तुमच्या रूममेटचे ३०० रुपये म्हणजे या साखळीतली पहिली पायरी, विनासायास काढू देण्याची. पुढची पायरी ५,००० भरण्याची आहे, आणि ती तो आपणहून चढायला निघालाय. भरल्यावर कदाचित ॲपमध्ये ९,००० दिसतील. काढायला गेलं की निरोप येईल, आधी ३० टक्के कर भरा. ही युक्ती लक्षात ठेवा, कारण खऱ्या नियमाचा आधार घेऊन ती केली जाते, त्यामुळे शिकलेली माणसंही फसतात. टीडीएस हा पैसे देणाराच कापून घेतो आणि उरलेली रक्कम तुम्हाला देतो. कर म्हणून तुम्ही कुणाच्या यूपीआयवर पैसे पाठवायचे, असा प्रकार कायद्यात नाही. तसंच पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्याकडून गेले.

त्या ३०० रुपयांची मला काळजी का वाटते, ते आता सांगतो. अशी ॲप चालवणारे स्वतःच्या खात्यातून कुणाला पैसे देत नाहीत. कुणाचं तरी भाड्याने घेतलेलं खातं असतं, आणि त्यात कुठल्यातरी फसवणुकीचे पैसे आलेले असतात. उद्या त्या फसवणुकीची तक्रार दुसऱ्या राज्यात नोंदली गेली, की पोलीस पैसा कुठून कुठे गेला याचा माग काढतात आणि वाटेतली खाती अडवायला बँकांना सांगतात. ३०० रुपये घेतलेलं खातंही त्या वाटेवर येतं. कधी तेवढीच रक्कम अडवली जाते, कधी सगळं खातंच गोठतं. घरून येणारे पैसे त्यात, महाडीबीटीची शिष्यवृत्ती त्यात, मेसचं बिल त्यातून. मग ज्या राज्याचं नावही मुलाने फारसं ऐकलेलं नसतं तिथल्या तपास अधिकाऱ्याला ईमेल, बँकेच्या शाखेत खेटे, परीक्षा तोंडावर. कोथरूड, नऱ्हे, हिंजवडी, सगळीकडची मुलं या त्रासातून गेलेली मी पाहिलीत, आणि त्यातल्या बहुतेकांनी कुणालाही फसवलेलं नव्हतं.

याच गटांत पुढे आणखी एक प्रस्ताव येतो: "तुझं खातं आम्हाला वापरायला दे, प्रत्येक व्यवहारावर टक्केवारी घे." हे करू नका. हे करणाऱ्या कुणाशी आर्थिक व्यवहारही ठेवू नका. इथे तुम्ही फसलेले राहत नाही, गुन्ह्यात सहभागी होता. सरकारी नोकरीच्या आधी चारित्र्य पडताळणी होते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ॲप कुठून घेतलं हेही बघा. टेलिग्रामवरून किंवा लिंकवरून आलेली एपीके फाइल म्हणजे कुणीही न तपासलेलं ॲप. पत्त्यांच्या गेमला एसएमएस वाचायची परवानगी लागत नाही, संपर्क यादी लागत नाही, आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी तर नाहीच नाही. ती दिली की ॲपला तुमचा पडदा वाचता येतो आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. ओटीपी त्याच्या हातात गेलेला असतो. तुमच्या रूममेटने आधार, पॅन आणि सेल्फी दिले असतील, तर त्याच्या नावावर कर्ज किंवा सिम निघालंय का ते तपासायला सांगा. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, आणि आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक आहेत ते सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर दिसतं.

प्ले स्टोअरवर आहे म्हणजे खरं, असंही मानू नका. तिथली चाळणी विषाणू आणि उघड जुगार बऱ्याच प्रमाणात अडवते, ४,८६० चा आकडा खरा आहे का हे ती बघत नाही. अभिप्राय वाचताना वरचे पाच ताऱ्यांचे सोडा, "सर्वांत नवे" लावा आणि एक ताऱ्याचे वाचा. तिथे तुमचीच कहाणी पन्नास जणांनी लिहिलेली सापडेल. बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, संकेतस्थळ बघा. भारतीय कंपनी म्हणवत असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. एवढं करायला दहा मिनिटं लागतात. पण हे सगळं बरोबर निघालं तरी वरचा हिशेब सोडू नका. ज्या गेममध्ये पैसा कुठून येतो हे दोन वाक्यांत सांगता येत नाही, त्याची कागदपत्रं कितीही चांगली असोत, मी त्याला हात लावणार नाही.

गेमची खरीच आवड असेल तर त्यातून पैसे मिळवायचे सरळ रस्ते पुण्यात आहेत. युबिसॉफ्ट या मोठ्या गेम कंपनीचा २००८ पासून इथे स्टुडिओ आहे, आणि लहान-मोठे इतरही बरेच आहेत. गेममधल्या चुका शोधण्याचं, म्हणजे टेस्टिंगचं काम अनेक मुलांची या क्षेत्रातली पहिली नोकरी असते. त्यात चिकाटी लागते, नीट लिहिता यावं लागतं, आणि पगार महिन्याच्या ठरल्या दिवशी होतो. ई-स्पोर्ट्सला नव्या कायद्यात मान्यता आहे. तिथलं बक्षीस आयोजक आणि प्रायोजकांकडून येतं, पण ते फार थोड्यांना मिळतं आणि त्यामागे कित्येक वर्षांचा सराव असतो.

आता तुम्ही दोघांनी काय करायचं. तुम्ही पत्त्यांचं ॲप काढून टाका. ४,८६० सोडून देताना जीवावर येईल, पण ते तुमचे कधी नव्हतेच. काढण्याआधी त्यात यूपीआय आयडी, ईमेल दिला असेल तर पासवर्ड बदला आणि येत्या काळात "तुमची रक्कम मंजूर झाली" असे फोन आले तर उचलूनही बोलू नका. अशा याद्या पुढे विकल्या जातात.

रूममेटला आज बँकेचा उतारा काढायला सांगा आणि ३०० रुपये कोणत्या नावाने आले ते बघा. गेमच्या कंपनीऐवजी एखाद्या माणसाचं किंवा कुठल्याशा ट्रेडर्सचं नाव दिसलं, तर वर जे सांगितलं ते शंभर टक्के लागू आहे. ते पैसे त्याने खर्च करू नयेत, कुणी "परत पाठव" म्हटलं तर परस्पर पाठवूही नयेत. टेलिग्रामचा गट, ॲपमधली पानं, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेच्या नोंदीतला त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून मगच गटातून बाहेर पडावं, कारण बाहेर पडल्यावर किंवा गट पुसला गेल्यावर पुरावा राहत नाही. मग बँकेच्या शाखेत जाऊन लेखी कळवावं आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. उद्या खातं अडलंच, तर आपण आधीच कळवलं होतं हे दाखवायला तो कागद उपयोगी पडतो.

त्याने याआधीच काही रक्कम भरली असेल आणि तुम्हाला सांगितलं नसेल, ही शक्यता धरून त्याला न रागावता विचारा. भरली असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची. तासा-दोन तासांत कळवलं तर पैसा पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते, दिवस उलटला की ती झपाट्याने कमी होते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमात कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान भरून मिळण्याची तरतूद आहे, पण ती तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांना तो आधार सहसा मिळत नाही, म्हणून १९३० चा फोन आधी. तक्रारीचा क्रमांक आला की तो, उतारा आणि स्क्रीनशॉट घेऊन पोलीस ठाण्यात जा. दोघं मिळून जा. एकट्याला तिथे सगळं नीट सांगायचं सुचत नाही, आणि त्याला आत्ता पाच हजारांपेक्षा सोबतीची गरज जास्त आहे.